प्लूटोचे काय चुकले?

मनुष्याला पदाचे आकर्षण मोठे. कोणाला पद मिळाले की त्याचा गौरव झाला असे तो मानतो आणि कोणाचे पद गेले की त्याचा अपमान झाला असे समजतो. ही समजूत तो केवळ माणसांपुरती ठेवीत नाही. आकाशातील गोलांनाही तोच नियम लावतो. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाच्या अधिवेशनात 'ग्रह' या शब्दाची व्याख्या ठरविण्यात आली. तिच्यात न बसल्यामुळे प्लूटोला ग्रहांच्या पंगतीतून उठावे लागले आणि जगभर हळहळ व्यक्त झाली. लहान मुलांनी शास्त्रज्ञांना रागाची पत्रे लिहिली. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या विधिमंडळात तर, आपल्या राज्याच्या आकाशातून जाताना प्लूटोला ग्रहच म्हणावे, असा ठराव २००७ साली झाला. शहात्तर वर्षे ज्याला ग्रह म्हटले, त्या बिचाऱ्याचे चुकले तरी काय, असे कोणीही विचारील.

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर प्लूटो त्या पंगतीत बसला कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे. युरेनस, ज्याला मराठीत हर्षल असेही म्हणतात, तो गणिताने दाखविलेल्या मार्गावरून किंचित ढळतो असे आढळले होते. त्या ढळण्यावरून १८४६ साली नेपच्यूनचा शोध लागला. तरीही थोडा फरक उरलाच, असे काही शास्त्रज्ञांना वाटत होते. नेपच्यूनच्या पलीकडे आणखी एक मोठा ग्रह असला पाहिजे, अशी पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन ज्योतिर्विदाची खात्री झाली. त्याने ॲरिझोना प्रांतात आपल्या पैशाने वेधशाळा उभारली आणि त्या अज्ञात ग्रहाचा ध्यास घेतला. १९१६ साली त्याचे निधन झाले. पण त्याचा शोध थांबला नाही.

हे काम पुढे क्लाइड टॉमबॉ या तरुणाच्या हाती आले. तो कॅन्ससमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. गारपिटीने पीक बुडाले आणि त्याचे महाविद्यालयात जाणे राहून गेले. परंतु त्याने घरीच दुर्बिणी तयार केल्या आणि त्यांतून पाहून काढलेली गुरू व मंगळ यांची चित्रे लोवेल वेधशाळेकडे पाठविली. ती पाहून वेधशाळेने त्याला बोलावून घेतले. आकाशाच्या एकाच भागाची काही दिवसांच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यावयाची आणि ती आळीपाळीने पाहून कोणता ठिपका जागचा हलला आहे ते हुडकावयाचे, हे त्याचे काम. एकेका काचेवर हजारो ताऱ्यांचे ठिपके असत. १८ फेब्रुवारी १९३० रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याला जागा बदललेला एक अंधूक ठिपका सापडला. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे राहणाऱ्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला प्लूटो हे नाव सुचविले आणि तेच कायम झाले.

येथवर सारे एखाद्या सुंदर कथेसारखे आहे. पण कथा सुंदर असली म्हणजे ती पुरी असतेच असे नाही. प्रारंभी प्लूटो पृथ्वीएवढा जड असावा असा अंदाज होता. पुढे जसजसे अधिक काटेकोर मापन होऊ लागले, तसतसा तो आकडा घटत गेला. १९७८ साली शॅरन हा प्लूटोचा उपग्रह सापडला. त्याच्या फेऱ्यांवरून प्लूटोचे वजन काढता आले आणि प्लूटो चंद्राच्या एक पंचमांशाहूनही हलका आहे असे दिसून आले. एवढासा गोल युरेनसला वाटेवरून ढळवील कसा? त्याचाही उलगडा झाला. १९८९ साली व्हॉयेजर २ हे यान नेपच्यूनजवळून गेले आणि नेपच्यूनचे खरे वस्तुमान कळले. ते गणितात घालताच युरेनसच्या मार्गातील फरक उरलाच नाही. ज्या ग्रहासाठी लोवेलने आयुष्य वेचले, तो मोठा ग्रह तेथे नव्हताच! प्लूटो सापडला तो टॉमबॉच्या चिकाटीमुळे. लोवेलच्या गणिताशी त्याची जागा जुळली, हा केवळ योगायोग होता.

त्यानंतर प्लूटोचे भाऊबंद दिसू लागले. डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांनी पाच वर्षांच्या शोधानंतर १९९२ साली नेपच्यूनपलीकडे आणखी एक बर्फाळ वस्तू शोधून काढली. पाठोपाठ शेकडो सापडल्या. त्या साऱ्यांचा मिळून एक विस्तीर्ण पट्टा सूर्याभोवती पसरला आहे. त्याला कायपरचा पट्टा म्हणतात. २००५ साली एरिसचा शोध जाहीर झाला. एरिसचा व्यास प्लूटोच्या व्यासाहून किंचित कमी, पण वजन चतुर्थांशाहूनही अधिक आहे. आता दोनच मार्ग उरले होते. एरिसला आणि तिच्यासारख्या जे जे सापडेल त्या सर्वांना ग्रह म्हणावयाचे, किंवा प्लूटोला त्याच्या खऱ्या कुटुंबात नेऊन बसवावयाचे. प्रागच्या अधिवेशनाने दुसरा मार्ग पत्करला. जो सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेला असतो आणि ज्याने आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असतो, तो ग्रह, असे ठरले. प्लूटो पहिल्या दोन कसोट्यांना उतरतो, तिसरीला उतरत नाही. त्याची गणना बटुग्रहांत झाली.

असा प्रसंग शास्त्रात पहिलाच नव्हता. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावर पियात्सी याला सेरेस सापडला, तेव्हा त्याचीही गणना ग्रहांत झाली होती. पुढे मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान तसेच अनेक गोल आढळले आणि सेरेस लघुग्रहांत गेला. त्याहूनही मागे गेले तर प्राचीन ज्योतिषातील नवग्रहांत सूर्य आणि चंद्र यांना स्थान होते, पृथ्वीला नव्हते. सूर्य मध्यभागी असून पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हे मान्य झाले तेव्हा शास्त्रात पृथ्वी ग्रह ठरली आणि सूर्य-चंद्रांचे ग्रहपद गेले. म्हणून सूर्याचा प्रकाश उणावला काय? की चंद्राचे चांदणे मावळले?

प्रागच्या निर्णयावर आक्षेप घेणारे विद्वान आजही आहेत आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. संघाचे हजारो सभासद असताना मतदानाच्या वेळी सुमारे चारशेच उपस्थित होते. 'परिसर मोकळा करणे' ही कसोटीही पुरेशी नेमकी नाही, असे कित्येकांना वाटते. शास्त्रातील सत्य हात वर करून ठरवावयाचे असते काय, असाही प्रश्न विचारला जातो. प्रश्न योग्य आहे. परंतु प्रागमध्ये मत घेतले गेले ते एका शब्दाच्या अर्थावर. प्लूटोचा व्यास सुमारे २३७७ किलोमीटर आहे आणि सूर्याभोवतीच्या एका फेरीस त्याला २४८ वर्षे लागतात, या गोष्टींवर कोणी मत मागितले नाही आणि मागून काही बदललेही नसते. शब्द माणसाचे असतात, ते त्याने सोयीनुसार ठरवावेत. वस्तू निसर्गाच्या असतात, त्या जशा आहेत तशाच पाहाव्या लागतात. उद्या याहून चांगली व्याख्या कोणी सुचविली तर तीही स्वीकारता येईल.

आणि पद गेल्याने प्लूटोचे मोल घटले काय? १९ जानेवारी २००६ रोजी न्यू होरायझन्स हे यान प्लूटोकडे निघाले. त्यात १९९७ साली निवर्तलेल्या टॉमबॉच्या रक्षेचा अंश ठेवला होता. यान निघाले तेव्हा प्लूटो ग्रह होता. सात महिन्यांनी तो बटुग्रह झाला. यान काही माघारी फिरले नाही. साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर १४ जुलै २०१५ रोजी ते प्लूटोपासून सुमारे १२,५०० किलोमीटर अंतरावरून गेले. त्याचे संदेश पृथ्वीवर पोचण्यास साडेचार तास लागत होते. ज्याला थंडगार, निर्जीव गोळा समजत, तेथे गोठलेल्या नायट्रोजनचे अफाट मैदान दिसले आणि त्याच्या काठी पाण्याच्या बर्फाचे उंच पर्वत दिसले. मैदानावर उल्कापाताचे एकही विवर नव्हते. म्हणजे तो पृष्ठभाग अद्याप नवा होत आहे. तेथील दोन पर्वतरांगांना पुढे तेनसिंग आणि हिलरी यांची नावे देण्यात आली. एवढी शोभा कोणत्याही पदाने प्लूटोला आणली नसती.

तेव्हा प्लूटोचे काही चुकले नाही. चुकली होती ती माणसाची कल्पना आणि ती माणसानेच सुधारली. जे ज्ञान एकदा पाठ केले ते कायमचे, असे मानणारा विद्यार्थी नऊ ग्रहांची नावे घोकून थांबतो. नऊचे आठ का झाले, असे विचारणाऱ्याला मात्र लोवेलची चूक, टॉमबॉची चिकाटी आणि सूर्यमालेचा तो दूरचा बर्फाळ काठ, हे सारे गवसते. आपली चूक दिसताच ती मान्य करणे हा शास्त्राचा कमीपणा नसून तेच त्याचे खरे भूषण आहे. माणसालाही ते भूषण शोभून दिसेल.