आधी करार, मग तार

वलवणचे धरण मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी बांधले गेले. लोणावळ्यावर कोसळणारा पाऊस वलवण, शिरवटा आणि लोणावळा या तलावांत अडवायचा, ते पाणी खंडाळ्याच्या कड्यावरून नळांतून सुमारे ५२५ मीटर खाली खोपोलीला सोडायचे, तिथे तयार झालेली वीज एक लाख व्होल्टच्या तारांनी परळला न्यायची, अशी ही योजना होती. डेव्हिड गॉसलिंग यांनी सुचवलेली ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. त्यांच्या पश्चात दोराबजींनी १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी काढून ती तडीस नेली. १९११ मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी पायाभरणी केली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते वीजपुरवठा सुरू झाला.

या योजनेचा १९०७ चा परवाना आजही वाचण्यासारखा आहे. वर्षाला किमान पाच लाख युनिट वापरणाऱ्यालाच थेट वीज विकण्याची मुभा त्यात होती. त्याखालचा ग्राहक शहरातल्या वितरण कंपनीचा. (या जुन्या अटींचा अर्थ काय, यावरून थेट २००८ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात भांडण चालले, ही वेगळी गोष्ट.) थोडक्यात, बडा ग्राहक हाच या व्यवस्थेचा पाया होता. गिरणीमालक मात्र चटकन तयार झाले नाहीत. बॉयलर, वाफेचे इंजिन, कोळशाची साठवण यांत त्यांचा पैसा अडकलेला होता. ते सारे मोडीत काढून सत्तर किलोमीटरवरच्या तलावावर गिरणी चालवायची म्हणजे धाडसच होते. त्यांच्याशी मागणीचे करार करूनच कंपनीला पुढे जावे लागले. किती वीज घेणार आणि काय दराने, हे ठरले. मग तार आली.

त्या काळी हा हिशेब सोपा होता, कारण धरण, तार आणि गिरणी यांची साखळी स्वतंत्र होती. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा आणि १९६२ मध्ये कोयना येथील वीजकेंद्रे सुरू झाली. पश्चिम भारताची जाळी २००३ मध्ये पूर्वेशी आणि २००६ मध्ये उत्तरेशी जोडली गेली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी सुरू झाली तेव्हा दक्षिणही त्यात आली आणि सारा देश एकाच वारंवारितेवर, ५० हर्ट्झच्या आसपास, धावू लागला. आता तळेगाव-चाकणच्या कारखान्याला वीज कुठल्या धरणाची वा कोळशाची, हे सांगता येत नाही. त्याचे यंत्र बिघडले तर झटका कुणाला बसेल, हेही आधी सांगता येत नाही. हाच आजचा खरा प्रश्न आहे.

मोठ्या ग्राहकाचा अर्ज आला की पहिला निर्णय दाबाचा असतो. लहान उद्योगाला ११ किंवा २२ केव्हीचा फीडर पुरतो, त्याहून मोठ्याला ३३ केव्ही, आणि पोलाद कारखाना, रेल्वे किंवा डेटा सेंटर असेल तर १३२ वा २२० केव्हीचे स्वतःचे उपकेंद्र लागते. ५० मेगावॉट आणि त्यावरच्या ग्राहकाला २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार थेट आंतरराज्य पारेषण यंत्रणेशीही जोडून घेता येते. दाब ठरल्यावर अभ्यास सुरू होतो. हा भार आला तर कुठली तार किती तापेल, कुठला ट्रान्सफॉर्मर भरून जाईल, शॉर्ट सर्किट झाले तर ब्रेकर तेवढा प्रवाह तोडू शकेल का, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक वाहिनी बंद पडली तर उरलेल्या वाहिन्यांना तो भार पेलेल का. उत्तर होकारार्थी आले तर उपकेंद्रात जोडणीचा कप्पा (बे), मीटर, रिले आणि ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला आकडे पोचवणारी यंत्रणा बसते. नकारार्थी आले तर नवी वाहिनी लागते, आणि तिथे घोडे पेंड खाते. कारखाना दोन वर्षांत उभा राहतो. मनोऱ्यांसाठी जागा, वनखात्याची परवानगी आणि मोबदल्याचे वाद यांतून वाहिनी पार पडायला त्याच्या कितीतरी पट काळ जातो. मुंबईला लागणारी खारघर-विक्रोळी ४०० केव्ही वाहिनी वर्षानुवर्षे रखडून अखेर २०२३ मध्ये कार्यान्वित झाली.

वाहिनी वेळेवर नसण्याची किंमत मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० रोजी मोजली. कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्ही वाहिन्या पाठोपाठ निकामी झाल्या आणि सकाळी दहाच्या सुमारास शहर अंधारात गेले. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर आली. अशा वेळी मुंबईने मुख्य जाळीपासून सुटून ट्रॉम्बे आणि घाटातल्या जलविद्युत केंद्रांच्या बळावर तग धरावा, अशी ‘आयलंडिंग’ची व्यवस्था दशकांपूर्वीच केलेली होती. त्या दिवशी ती कोलमडली. शहराची मागणी आणि शहराच्या आतली निर्मिती यांत मोठी दरी होती. मागणी वर्षानुवर्षे वाढत गेली, त्या मानाने स्थानिक निर्मिती आणि वाहिन्या वाढल्या नाहीत. प्रत्येक जोडणी सुटी पाहिली तर नियमात बसणारी होती. एकत्र केल्यावर मात्र शहर बाहेरच्या मोजक्या तारांवर लटकलेले होते.

नव्या ग्राहकांचा स्वभावही गिरण्यांसारखा नाही. गिरणीचा भार पाळीच्या भोंग्याने चढे-उतरे. विद्युत भट्टी क्षणोक्षणी प्रवाह खेचते आणि सोडते, त्यामुळे शेजारच्या घरांतले दिवे लुकलुकतात. बोरघाट चढणारी मालगाडी काही मिनिटांसाठी भलामोठा भार मागते. डेटा सेंटरची गोष्ट उलटी आहे. त्याची मागणी रात्रंदिवस सपाट असते, पण दाब क्षणभर जरी घसरला तरी ते स्वतःच्या बॅटरीवर जाते आणि जाळीवरचा भार एकदम नाहीसा होतो. १० जुलै २०२४ रोजी अमेरिकेत व्हर्जिनियात एका वाहिनीवरच्या दोषानंतर सुमारे दीड हजार मेगावॉटचा भार असाच एका झटक्यात गळाला; सारी डेटा सेंटरे होती. भार अचानक जाणे हे निर्मिती अचानक जाण्याइतकेच वाईट असते. म्हणून दाब किती घसरेपर्यंत ग्राहकाने जाळीवर टिकून राहायचे आणि किती सावकाश परत यायचे, ही अट जोडणीच्या करारातच हवी. निर्मिती केंद्रांना असे बंधन कधीचेच आहे. नवी मुंबईत डेटा सेंटरांची रांग लागली असताना ते ग्राहकांनाही लागू झाले पाहिजे.

मावळ तालुक्यातही असा एक मोठा ग्राहक येऊ घातला आहे, जरी त्याची ओळख वीजनिर्मिती केंद्र म्हणून करून दिली जाते. शिरवट्याला १,८०० मेगावॉटचा आणि भिवपुरीला १,००० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प उभारण्यासाठी टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला. दुपारी सौर वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी खाली सोडायचे, असे त्याचे काम. चढवायला शंभर युनिट लागले तर परत पंचाहत्तर ते ऐंशीच मिळतात. म्हणजे दुपारच्या वेळी शिरवटा हा राज्यातल्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक असेल आणि त्याची तार तेवढीच जाड लागेल. प्रकल्प उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने मर्यादा घातलेली आहे, आणि पूर्वेकडचे दुष्काळी तालुके तेच पाणी मागत आहेत. मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला तो याच विजेच्या दुसऱ्या धरणाविरुद्ध. वीज मुंबईची आणि बुडीत जमीन मावळ्यांची, ही त्यातली तक्रार होती. नव्या मनोऱ्यांची रांग आखणाऱ्यांनी ती आठवणीत ठेवावी.

राहिला पैशाचा प्रश्न. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार मागेल त्याला वीज देणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे आणि कलम ४६ नुसार जोडणीचा वाजवी खर्च ती ग्राहकाकडून वसूल करू शकते. म्हणून कारखान्याच्या फाटकापर्यंतची तार तो स्वतःच्या खर्चाने टाकतो. परंतु मागच्या बाजूचा खर्च, म्हणजे वाढीव ट्रान्सफॉर्मर आणि ४०० केव्हीची नवी वाहिनी, राज्यातल्या एकत्रित पारेषण आकारात मिसळतो. हा आकार महावितरण, बेस्ट, टाटा आणि अदानी यांच्यात मागणीच्या प्रमाणात वाटला जातो. मुंबईच्या उपनगरातल्या उपकेंद्राचा थोडा वाटा अशा रीतीने मावळातल्या घरगुती बिलातही उतरतो. ग्राहक खरोखर आला आणि टिकला तर हे न्याय्यच आहे, कारण खर्च जास्त युनिटांवर वाटला जाऊन सर्वांचा दर हलका होतो. पण त्याने १०० मेगावॉट मागून ३० वापरले, किंवा चार वर्षांत ओपन अ‍ॅक्सेसने दुसरीकडून वीज घेऊ लागला, तर रिकामी तार बाकीच्यांच्या गळ्यात पडते. अशा ग्राहकावर लागणाऱ्या क्रॉस सबसिडी अधिभाराने यातला काही भाग वसूल होतो, सगळा नव्हे.

अमेरिकेतल्या ओहायो राज्याने २०२५ मध्ये यावर सरळ उपाय केला. मोठ्या डेटा सेंटरने मागितलेल्या विजेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे, वापर असो वा नसो, बारा वर्षांपर्यंत द्यायचे. राज्य वीज नियामक आयोगाने असाच नियम २० मेगावॉटवरच्या प्रत्येक नव्या जोडणीला लावावा, त्यासाठी बँक हमी घ्यावी, आणि महापारेषण या राज्याच्या पारेषण कंपनीने अशा प्रत्येक अर्जाचा भार-अभ्यास मंजुरीआधी जनतेसाठी खुला करावा. उद्योग दुसऱ्या राज्यात जातील, अशी भीती यावर दाखवली जाईल. ज्याला वीज खरोखर हवी आहे त्याला हमी देणे जड जात नाही. जड जाते ते एकाच प्रकल्पासाठी तीन राज्यांत अर्ज टाकून ठेवणाऱ्याला, आणि त्याच्यासाठी उपकेंद्र बांधायचे कारण नाही.