हजार रुपयांचं व्याज अडीच हजार!

मंडळी, एक गणित सोडवा. क्रेडिट कार्डाचं बिल आलं ४०,००० रुपयांचं. शेवटच्या तारखेला मी ३९,००० भरले. राहिले १,०००. पुढच्या बिलात व्याज किती यावं?

मी मनातल्या मनात पंधरा-वीस रुपये धरले होते. आले २,१२९. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३८३. एकूण २,५१२!! आधी वाटलं, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बग आहे. (दिवसभर दुसऱ्यांचे बग निस्तरणाऱ्याला दुसरं काय सुचणार?) कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या बाई अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "सर, सिस्टिमने बरोबरच काढलंय." आणि खरंच बरोबर होतं. तीच तर बोंब आहे.

झालं असं. आईसाठी फ्रीज घेतला २० मार्चला. बिल बनलं १५ एप्रिलला, भरायची शेवटची तारीख ५ मे. आपण समजतो की ५ मेपर्यंत सगळं बिनव्याजी, आणि त्यानंतर जे राहील त्यावर व्याज. चूक! बिनव्याजी मुदत मिळते ती बिल पूर्ण भरलं तरच. बाकी राहिली की मुदत मागे जाऊन रद्द होते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं, तेही अख्ख्या ४०,००० वर. महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. २० मार्च ते ५ मे झाले ४६ दिवस, त्यांचे २,११७ रुपये. त्यानंतर बिल बनेपर्यंतचे दहा दिवस फक्त उरलेल्या हजारावर, त्याचे बारा रुपये. म्हणजे मी खरोखर जी उधारी उशिरा ठेवली तिची किंमत बारा रुपये, आणि उरलेला दंड कशाचा, तर वेळेत भरलेल्या पैशांचा!

बरं, इथे संपत नाही. जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत नाही. ५ मेनंतर घेतलेल्या दूध-भाजीवरही पहिल्या दिवसापासून मीटर चालू. आणि घाबरून पुढचं बिल पूर्ण भरलं तरी बिल बनल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज त्याच्या पुढच्या बिलात येतंच. लोकांना तेव्हा वाटतं की बँक फसवतेय.

यावर आमच्या ऑफिसातल्या शहाण्यांचं ठरलेलं उत्तर: "अटी वाचायच्या होत्यास ना!" मान्य, वाचल्या नव्हत्या. पण तुम्ही वाचल्यात का? कॅन्टीनमध्ये सहा जणांना हेच गणित घातलं. सगळे इंजिनिअर, दोघांकडे एमबीए. सर्वात मोठं उत्तर पस्तीस रुपये होतं.

व्याजाचा दर जास्त आहे ही माझी तक्रार नाही. तारण नसलेलं कर्ज महागच असणार. तो वाद तर पार वर गेला. ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली, आणि सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. ठीक. लावा ४२ टक्के. पण ते कशावर आणि कधीपासून, हे मला पैसे भरताना सांगा की राव.

रिझर्व्ह बँकेने काहीच केलं नाही असंही नाही. २०२२ च्या निर्देशांत तिने सांगितलं की फक्त मिनिमम भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल, असा इशारा बिलावर ठळक छापा. मागची बाकी असेल तर बिनव्याजी मुदत जाते, हेही अटींमध्ये स्पष्ट लिहा. चांगलंच आहे. पण मी मिनिमम कुठे भरलं होतं? साडेसत्त्याण्णव टक्के बिल भरलं होतं! तो इशारा आपल्यासाठी नाहीच असं समजून मी पुढे गेलो. आणि 'मिनिमम ड्यू' या शब्दाची तर कमाल आहे. ते भरून लेट फी वाचते आणि खातं थकीत धरलं जात नाही, बस्स. व्याज एक पैशाने माफ होत नाही. तरी बिलावर तो आकडा एकूण रकमेच्या शेजारी असा रुबाबात बसलेला असतो की जणू हाही एक रास्त पर्याय.

आता माझ्या धंद्यातलं बोलतो. मी ॲपमध्ये ३९,००० टाईप केले तेव्हा बँकेकडे सगळे आकडे होते: खरेदीची तारीख, दर, बाकी. बटणावर एक ओळ दाखवायची होती: "१,००० रुपये कमी भरताय. पुढच्या बिलात अंदाजे २,५०० रुपये व्याज आणि कर लागेल." एका ज्युनिअरचं दोन दिवसांचं काम, टेस्टिंग धरून. तेच ॲप 'हे बिल ईएमआयमध्ये बदला' म्हणत हप्ता क्षणात काढून दाखवतं. तिथे बरी गणितं येतात!

माझ्या खात्यात त्या दिवशी हजार रुपये होते हो. महिनाअखेरीला असू देत म्हणून मागे ठेवले होते. ती ओळ दिसली असती तर तेही भरले असते आणि आठवडाभर घरचा डबा खाल्ला असता. हेच सगळं बँकेला मेल करून कळवलंय. उत्तर आलं: "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." खाली नव्या कार्डाची जाहिरात होती, पन्नास दिवस बिनव्याजी.