सही करणाऱ्याची जबाबदारी

गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मेला की कार्यालयातून ठरलेले उत्तर येते : तो माणूस ठेकेदाराचा होता. आमचा सवाल आहे, काम कोणाचे होते? कामाच्या आदेशावर सही कोणाची होती?

२०१३ च्या कायद्याचे कलम ७ स्पष्ट आहे. सुरक्षा साधनांशिवाय गटार वा सेप्टिक टँक साफ करण्यास कोणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे लावता येत नाही. या 'अप्रत्यक्षपणे'मुळेच ठेकेदाराची सबब टिकत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. पण भरपाईने माणूस परत येत नाही.

म्हणून विभागप्रमुखाने कायद्याच्या बडग्याची वाट पाहू नये. यंत्र आले का, विषारी वायूची तपासणी झाली का, हे स्वतः जागेवर जाऊन पाहावे. नसेल तर काम थांबवावे. अपघात घडलाच तर मुकादमाला बळी न देता 'जबाबदार मी' असे लेखी द्यावे. हाताखालच्यांचे नेतृत्व करणे म्हणजे हेच.

आणि त्या खुर्चीत आपला माणूस असेल तर? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयीची खंत बोलून दाखवली होती. जयंतीची वर्गणी देऊन ते ऋण फिटत नाही. गटारात उतरणारा बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. साहेब, सही करण्यापूर्वी त्याचे घर आठवा!