मोटारीचा जीर्णोद्धार

जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिरातीचा एक मसुदा ठरून गेलेला आहे. आधी साल, मग कंपनीचे नाव, मग ‘संपूर्ण रिस्टोर केलेली’, ‘कागदपत्रे चोख’, ‘फक्त दर्दी मंडळींनीच चौकशी करावी’ आणि किमतीच्या जागी ‘समक्ष भेटीत’. मोटार ब्रिटिश रोडस्टर असली, म्हणजे दोघांपुरती, डोक्यावर पक्के छत नसलेली, लांब नाकाची आणि तारांच्या आऱ्यांच्या चाकांची, तर सोबतच्या छायाचित्रात ती एखाद्या हिरवळीवर उभी केलेली असते. धूळ कुठेच नसते. बीड जिल्ह्यातल्या वाचकाला ही जाहिरात पाहून पहिला प्रश्न पडेल तो असा, की वैशाखात ही उघडी गाडी मांजरसुंब्याच्या घाटातून चालवणारा माणूस शुद्धीवर असेल का? आणि दुसरा, की आपल्याला काय त्याचे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. इंग्लंडचे ऊन हे उन्हाच्या नात्यातले फार लांबचे, आणि रोडस्टर हे त्या उन्हाचे वाहन. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. अशा मोटारीचा आपल्याशी संबंध आहे. तो शेतसाऱ्यातून येतो, उसातून येतो, कायद्यातून येतो आणि मुख्य म्हणजे ज्यांच्या हातांनी ती पुन्हा उभी राहते त्या हातांतून येतो.

‘रिस्टोर’ या शब्दाला आपल्याकडे चांगला जुना शब्द आहे, जीर्णोद्धार. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला हे जिल्ह्यातले शाळकरी पोरही सांगेल. त्या शब्दात एक जबाबदारी आहे. जे जीर्ण झाले ते काढायचे, जे टिकण्याजोगे आहे ते राखायचे आणि देव तोच ठेवायचा. मोटारीच्या जाहिरातीतला ‘रिस्टोर’ असली कोणतीच हमी देत नाही. नुसता रंग मारलेली गाडीही रिस्टोर आणि स्क्रूपासून सगळे उलगडून दोन-तीन वर्षे खपून जोडलेली गाडीही रिस्टोर. दोहोंत फरक लाखांचा असतो, आणि तो फरक वरच्या चकाकीतून दिसत नाही.

उदाहरण घ्यायचे तर एम. जी. कंपनीच्या ‘टी. सी.’ या मोटारीचे घेऊ. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधले एक गॅरेज. सेसिल किंबर या तिथल्या व्यवस्थापकाने साध्या मॉरिस गाड्यांना देखणे रूप देऊन विकायला सुरुवात केली आणि त्यातून नवी कंपनी निघाली. टी. सी. ही १९४५ ते १९४९ या काळात तयार झाली, सुमारे १०,००० एवढीच. इंजिन १२५० सी. सी. चे. आजच्या हिशेबाने ताकद बेताची, पण गाडी हलकी. ती हलकी आणि डौलदार दिसते कारण तिच्या पत्र्याच्या आत लोखंड नाही, लाकूड आहे. अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा सांगाडा करून त्यावर पत्रा ठोकलेला असतो. म्हणजे हे काम जितके फिटरचे तितकेच सुताराचे. आणि आपल्या हवेत त्या सांगाड्याचे काय होते हे वाड्यात राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. वरून पत्रा शाबूत, दार मात्र लोंबते. बिजागरीचा स्क्रू फिरवावा तर भुसा बाहेर येतो. वाळवीने आपले काम केलेले असते. मग अ‍ॅश कुठून आणणार? सुतार सागवान वापरतो. काम उत्तम होते, कदाचित मूळच्यापेक्षा जास्त टिकते. पण ती गाडी ‘मूळची’ राहिली का, यावर दर्दी मंडळींत भांडणे होतात.

याच मोटारीच्या इंजिनाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मॉरिसचा इंजिनांचा कारखाना कॉव्हेंट्रीला होता आणि तो मुळात ऑचकिस या फ्रेंच कंपनीचा. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक पडायचे. पण इंग्लंडमधल्या मेकॅनिकच्या पेटीत पाने व्हिटवर्थ मापाचे. तेव्हा बोल्टाचे आटे मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थचे, असा संकर झाला. आपल्याकडच्या गॅरेजात १३ नंबरचा पाना लागतो की १४ नंबरचा या खटपटीत असलेल्या पोराला दोन्ही लागत नाहीत. आणि जोर केला तर सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा बोल्ट गोल होऊन बसतो. हे ज्याला ठाऊक आहे असा मिस्त्री सापडणे हीच रिस्टोरेशनची खरी सुरुवात.

असा मिस्त्री आता म्हातारा झाला आहे. एप्रिल २०२० पासून देशात बी. एस. सिक्स निकष आले आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्ब्युरेटर गेला; मोटारींतून तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता. आज आय. टी. आय. मधून बाहेर पडणाऱ्या मुलाला सेन्सर कळतात, लॅपटॉप लावून दोष शोधता येतो, आणि ते त्याने शिकलेच पाहिजे. पण कानाने इंजिन ऐकून कार्ब्युरेटरची सुई अर्धा फेरा फिरवणारा माणूस त्याला बघायलाही मिळत नाही. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, कुठल्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाच्या आसपास जुन्या गॅरेजांतून अशी माणसे होती, आहेत. ट्रॅक्टरचा सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर करून घ्यायचा, ही त्यांची शाळा. रोडस्टर असो की फर्ग्युसन, जुन्या ब्रिटिश यंत्राला लागते ती हीच अक्कल. फरक इतकाच, की रोडस्टर विकली जाते तेव्हा तिच्या किमतीत या अकलेचा भाव मोठा असतो आणि तिच्या मालकाच्या खिशात मजुरी छोटी.

आता शेतसाऱ्याचे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी, एक रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट मागवली. सिंहासनासारखी बैठक असलेली, पिवळ्या रंगाची. गाडी १९१२ ची आणि निजाम वारले १९११ मध्ये. ती पुढे फारच थोडे मैल चालली. आज ती हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात दुरुस्त होऊन झळकते आहे आणि तिकीट काढून कोणीही पाहू शकतो. ते योग्यच आहे. आपल्या आजोबा-पणजोबांनी भरलेल्या साऱ्याचा एखादा पैसा तरी त्या सोनेरी मुठींत असणार, असे म्हटले तर इतिहासाचा फारसा विपर्यास होणार नाही. त्याच संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वेखात्यामार्फत बससेवा काढली, ती २७ अल्बियन बसगाड्यांवर. अल्बियनही ब्रिटिशच, स्कॉटलंडमधली. सामान्य माणसाला ब्रिटिश मोटार भेटली ती या रूपात.

मराठी संस्थानिकही मागे नव्हते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी अमेरिकन ड्यूझेनबर्गच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून दोघांपुरती उघडी बॉडी बांधून घेतली. ती आज भारतात नाही. राजकोटची १९३४ ची ‘स्टार ऑफ इंडिया’ रोल्स-रॉईसही परदेशी गेली. ती मात्र पुढे त्याच घराण्याने परत आणली. १९७१ मध्ये तनखे बंद झाले त्याच्या आगेमागे कित्येक राजवाड्यांच्या मोटारखान्यांतून गाड्या अक्षरशः मातीमोल निघाल्या. जुन्या मोटारींच्या निर्यातीवर सरकारने बंदी घातली खरी, पण तोवर बरेच काही बोटीवर चढले होते. कोल्हापूरसारखा अपवाद विरळा, जिथे छत्रपतींची मेबॅक दसऱ्याला अजून लोकांसमोर येते.

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले, याचे स्वागतच करायला हवे. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढे फेरनोंदणीला ५,००० रुपये. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही. ए.’ ही खूण. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवण्याची मुभा. रोजच्या वापराला आणि धंद्याला बंदी. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतेच रस्त्यावर यायचे. विक्री झाली तर दोन्ही पक्षांनी ९० दिवसांत आपापल्या परिवहन कार्यालयाला कळवायचे. इथवर ठीक.

अडचण आहे ती व्याख्येत. वाहन मूळ स्वरूपात हवे. चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आता वरची टी. सी. आठवा. सांगाडा सागवानाचा, अर्धा पत्रा नवा. अक्षरशः वाचले तर जाहिरातीतला ‘संपूर्ण’ हा शब्दच तिला अपात्र ठरवू शकतो. ते तपासणाऱ्या समितीवर सोडले आहे, आणि समितीसमोर चकाकणारी, पैसेवाल्याची गाडी आली तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. पण दुसरीकडे मराठवाड्यातली एखादी जुनी विलिस जीप घ्या. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास जोडायला सुरुवात केली ती. तिने दुष्काळी कामांवर मुकादम नेले, निवडणुकांत कर्णे नेले, बाळंतिणी नेल्या. पेट्रोल परवडेना म्हणून तिच्यात डिझेल इंजिन बसले, चासीला वेल्डिंगचे ठिगळ लागले, मागे बाकडी आली. ही जीप कायद्याच्या लेखी विंटेज नाही. म्हणजे जी गाडी राजवाड्यात पांघरूण घेऊन झोपली ती वारसा, आणि जी पन्नास वर्षे राबली ती भंगार! ज्या बीड शहरात रेल्वे पोचायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला, तिथल्या माणसांचा प्रवास ज्या चाकांवर झाला त्यांतले काय जपायचे, हे ठरवताना कंपनीच्या माहितीपुस्तिकेतले मूळ रूप हाच एक निकष पुरेसा नाही. राबताना झालेले बदल हाही इतिहास आहे. परिवहन खात्याने अशा वाहनांसाठी वेगळा वर्ग करावा, त्यांना रोज रस्त्यावर आणण्याचा हट्ट कोणी धरणार नाही.

उसाचे राहिले. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते काही अंशी उसापासून येते, आणि पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकातला ऊस तोडायला दर हंगामात बीडचीच माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन जातात. जुन्या ब्रिटिश कार्ब्युरेटरांतले बुचाच्या सालीचे वॉशर आणि जुन्या रबराच्या नळ्या इथेनॉलला टिकत नाहीत. फुगतात, तडकतात, पेट्रोल झिरपते, आणि गरम इंजिनावर झिरपलेले पेट्रोल म्हणजे आग. तेव्हा ‘दर्दी’ ग्राहकाने रंग पाहण्याआधी वाकून या नळ्या नव्या जातीच्या रबराच्या आहेत का ते पाहावे.

पाहण्यासारखे आणखीही आहे. चासी आणि इंजिनाचे नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून घ्यावेत, विक्रेत्याच्या फोटोवरून नव्हे. एम. जी. बी. या पुढच्या मॉडेलची अख्खी बॉडी इंग्लंडमध्ये १९८८ पासून नव्याने मिळते. नंबराची पट्टी हाती असली की तिच्याभोवती गाडी ‘उगवू’ शकते. परदेशातून आलेल्या गाडीचे कस्टमचे कागद मागावेत. काम सुरू होण्यापूर्वीचे फोटो मागावेत. गंजलेल्या अवस्थेचा फोटो दाखवायला जो कचरतो त्याच्याकडे झाकण्यासारखे काही असण्याची शक्यता अधिक. आणि एक कागद असा मागावा, जो आज कोणी मागत नाही: कोणते काम कोणी केले, सुतार कोण, पत्र्याचे काम कोणाचे, इंजिन कोणी बांधले, वायरिंग कोणी ओढली, गावासकट. मालक बदलले की हे आधी विसरले जाते. पुढचा बिघाड झाल्यावर नव्या मालकाला गाठायचा असतो तो जुना मालक नव्हे, मिस्त्री.