दाब घसरल्याची खबर कोणाला?

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. तेथे निदान डॉक्टर-परिचारिका धावून येऊ शकल्या. घरात सीपॅप यंत्र लावून निजलेल्या मुलापाशी असते ती दिवसभर राबून झोपी गेलेली आई.

झोपेत श्वास अडण्याच्या विकारावर कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेला हा उपाय साधा आहे: मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घसा मिटू न देणे. बहुतेक मुलांचे टॉन्सिल व ॲडेनॉइड काढून भागते. ज्यांचे भागत नाही, त्यांच्या वाट्याला यंत्र येते. परंतु वीज गेली की अनेक घरगुती यंत्रे निमूटपणे थांबतात, आणि वळवाच्या वादळात वीज जाणे नाशिककरांना नवे नाही. ज्या क्षणी ओरडायचे, नेमकी त्याच क्षणी मुकी! गजराला म्हणूनच स्वतःची बॅटरी हवी, नळीतील दाबावर त्याची नजर हवी आणि आवाज आईबापांच्या उशाशी हवा. मात्र मुलाने कूस बदलताच कोकलणारा गजर चौथ्या रात्री बंद करून ठेवला जातो. यंत्र बेतणाऱ्यांची खरी कसोटी येथे आहे. यंत्रच थांबले तर तत्क्षणी, मुखवटा सरकला तर जरा थांबून, असा विवेक गजराला शिकवावा लागेल.