बाईचे शहर केवढे?

मैत्रिणींनो, शहर वाढले की रोजगार वाढतो, असे अर्थतज्ज्ञ सांगतात. कारखाने, कचेऱ्या, बाजार एका जागी आले की मालकाला कामगार मिळतो आणि कामगाराला मालक निवडता येतो. एकाने मजुरी कापली तर शेजारच्या गेटवर जाता येते. शहराची खरी ताकद या शेजारच्या गेटात आहे. माझा प्रश्न एवढाच की, हे गेट बाईला किती लांब पडते?

आपली नवी मुंबईच घ्या. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. मुंबईवरचा भार हलका व्हावा, घराजवळ काम मिळावे, हा हेतू. एमआयडीसीचा ठाणे-बेलापूर पट्टा आधीच उभा राहत होता. पुढे मुंबईचा घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला आला, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले.

पण इथे आधीपासून राबणाऱ्या बायांचे काय झाले? आगरी-कोळी बाया भात लावत, मिठागरात खपत, खाडीची मासळी पाटीत घालून विकत. सातबारा मात्र बहुधा पुरुषाच्या नावे. मोबदला सातबाऱ्याला मिळाला, पाटीला नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यात जासई-दास्तान परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. विजय मोठाच होता; पण हक्क पुन्हा जमिनीच्या मालकीवरूनच ठरला. खाडी कोणाच्या सातबाऱ्यावर नसते.

मी तुर्भ्याच्या वस्तीतल्या बायांबरोबर काम करते. पाणी भरायचे, डबे करायचे, पोरांना शाळेत सोडून निघायचे आणि शाळा सुटायच्या आत परतायचे. या मधल्या वेळात चालत किंवा शेअर रिक्षाने जिथवर पोचता येते, तेवढेच तिचे शहर. सिडकोचे शहर ३४४ चौरस किलोमीटरचे; हिच्या वाट्याला चार सोसायट्यांची धुणीभांडी, पॅकिंगचे दोन गाळे आणि बाजारातली कांदा-लसणाची निवड. ही दुसरीकडे जाऊ शकत नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. तिची मजुरी अडते ती इथे. ती 'अकुशल' आहे म्हणून नव्हे!

'बायांनाच घराजवळचे काम आवडते' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याच खोलीतला नवरा तळोज्याला नाही तर उरणला कामाला जातो. त्याची आवड वेगळी आहे का? नाही. त्याच्या माघारी घर सांभाळायला कोणीतरी आहे, इतकेच.

२०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. घरकामगार, बाजारात निवड करणारी, दहा जणींच्या गाळ्यातली बाई त्यात येतच नाही. म्हणून पाळणाघर मालकाच्या मर्जीवर न सोडता, नळ आणि रस्त्यासारखे पालिकेने वस्तीत द्यायला हवे. पहाटे आणि रात्री कारखान्यांच्या पट्ट्यात बस हवी, दिवे हवेत, स्वच्छ संडास हवेत. या बायांसाठी केलेल्या सोयी नव्हेत. रोजगार धोरण म्हणतात ते हेच. आणि घरातल्या पुरुषाने चूल व पोरे निम्मी वाटून घ्यावीत, हीही मागणी आपण लाजत न मांडली पाहिजे.

२०२५ मध्ये इथला विमानतळ सुरू झाला. आता रोजगाराचे मोठमोठे आकडे ऐकवले जातील. प्रत्येक आकड्याला आपण तीन प्रश्न विचारू: कामाची वेळ कोणती? शेवटची बस किती वाजता? तोवर लेकरू कुठे राहील? उत्तर नसेल, तर तो रोजगार आपल्या नावावर कोणी मांडू नये.