भीमेचे पाणी आधी कोणाचे?

राज्य शासनाने २००५ साली लघुजलविद्युत प्रकल्प खासगी भांडवलाला खुले केले. २५ मेगावॅटपर्यंतचे हे प्रकल्प वरवर पाहता निरुपद्रवी वाटतात. धरण आधीच बांधलेले, बुडायची ती गावे बुडालेली आणि शेतीसाठी पाणी सोडावे तर लागतेच. वाटेत त्याच्याकडून चक्र फिरवून घेतले तर बिघडले कुठे? या युक्तिवादात तथ्य आहे. सेकंदाला एक घनमीटर पाणी दहा मीटर खाली पडले, तर सुमारे ८० किलोवॅट वीज मिळते. कोळसा लागत नाही, राख उरत नाही. फताटेवाडीच्या १३२० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राला कोळसा लागतोच, वर उजनीचे पाणीही लागते.

परंतु सोलापूर जिल्ह्यात घोडे पेंड खाते ते पाण्यापाशीच. उजनीवर १२ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. धरणात ११७ टीएमसी पाणी मावते खरे, पण त्यातले निम्म्याहून अधिक मृत साठ्यात जाते. २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात जलाशय उणे पातळीत गेला होता. कालवा आवर्तनापुरताच वाहतो. कर्जाचा हप्ता मात्र बारमाही असतो. तेव्हा गुंतवणूकदार पाण्याची हमी मागणार, हे उघड आहे. चक्रातून गेलेले पाणी नाहीसे होत नाही, हे मान्य. प्रश्न ते केव्हा सुटते याचा आहे. फेब्रुवारीत विजेसाठी सोडलेले पाणी मे महिन्यात औज बंधाऱ्यात सोलापूरकरांची तहान भागवायला येत नाही.

भीमा खोऱ्याला हा अनुभव नवा नाही. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला, तरी धरण झालेच. (मुंबईला वीज हवी होती, एवढे कारण पुरले.) या खोऱ्याचे पाणी टाटांच्या विजेसाठी सह्याद्री ओलांडून कोकणात उतरू लागले, ते आजही उतरते.

म्हणून विरोध असायला हवा तो लघुजलविद्युतला नव्हे, करारातील हमीला. पाणी केव्हा सोडायचे, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरावे. टंचाईमुळे पाणी सुटले नाही तर कंपनीला भरपाई मिळणार नाही, असे करारात स्पष्ट लिहावे. या अटीवर खासगी पैसा पुढे येणार नसेल, तर शासनाने स्वतःचा घालावा, अथवा पाणीवापर संस्थांना कर्ज देऊन कालव्यावरील लहान यंत्रे त्यांच्याच हाती सोपवावीत.